घरातली टीका घरातच ठेवायची का?

कोकणातली:
मी चिपळूणची, मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं गाव मिरजोळी आमच्या जवळच. पण घरात त्यांचं नाव काढलं की मामू उठून आत जातात. ह्या ईदला जेवणं झाल्यावर मी सहज विचारलं की वारशात भावाला बहिणीच्या दुप्पट हिस्सा का, तर मामू म्हणाले, "काय बोलायचं ते घरात बोल, बाहेर बोललीस तर टपून बसलेल्यांच्या हातात कोलीत मिळेल." त्यांची भीती खोटी नाहीये, सध्या तर नाहीच नाही. पण मग बोलायचं कधी? आणि कुराणाचा आधार घेऊन बोलायचं की दलवाईंसारखं सरळ समतेच्या बाजूनं?

कॅम्प_पुणे:
मामूंचं म्हणणं दलवाईंनीही ऐकलंय, आयुष्यभर. तरी १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून, आणि मोर्चात बायका होत्या फक्त सात! त्या सातजणींना मोहल्ल्यात काय ऐकून घ्यावं लागलं असेल विचार कर. मग २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. सय्यदभाई त्यात आले ते बहिणीला तलाक मिळाला म्हणून, पुस्तकं वाचून नाही. आणि दलवाई हिंदू जातीयवादावरही तेवढंच कडक लिहायचे, त्यामुळे कोलीत वगैरे त्यांना लागू होत नाही. घरात बोलून सुटण्यासारखं असतं तर कधीच सुटलं असतं, घरात ऐकणारेच निर्णय घेणारे असतात ना.

सोलापूरची:
दलवाईंबद्दल आदर आहे पण माझ्या सासूपर्यंत ते कधीच पोचले नसते. त्यांनी दफन नको, धार्मिक विधी नकोत असं सांगून ठेवलं होतं, १९७७ ला गेले तेव्हा दहनच झालं, आमच्याकडे लोक अजून तेवढंच धरून बसलेत. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कुराण हातात घेऊन भांडतात, हाजी अलीच्या मजारीपर्यंत जायचा हक्क त्यांनी २०१६ ला हायकोर्टातून मिळवला. नमाज न चुकवणारी बाई असं बोलते तेव्हा तिला बाहेरची म्हणून हाकलता येत नाही. आमच्या शेजारणीला नवऱ्यानं फोनवर तीनदा तलाक म्हटलं, मेहेर (निकाहात बायकोला कबूल केलेली रक्कम) नाही, पोरांचा खर्च नाही, तिला "हे कुराणात नाहीये" एवढं ऐकूनच धीर आला.

वकिली_करतो:
दोन्ही रस्ते लागतात. सुप्रीम कोर्टाचा २२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो निकाल बघा, तीन विरुद्ध दोन. त्या तिघांपैकी न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी घटनेच्या कलम १४ वर, म्हणजे समानतेच्या हक्कावर, तिहेरी तलाक रद्द केला, न्या. कुरियन जोसेफ यांनी मात्र कुराणाच्याच विरुद्ध आहे म्हणून. एकही बाजू कमी पडली असती तर निकाल उलटा लागला असता. २०१९ च्या कायद्यातली नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद मला स्वतःला पटत नाही, तो आत गेला तर पोटगी कोण देणार?
@कोकणातली, वारशाचं म्हणशील तर केरळात कासरगोडचे वकील सी. शुक्कूर यांना तिन्ही मुलीच, म्हणून त्यांनी ८ मार्च २०२३ ला स्वतःच्याच बायकोशी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली परत लग्न केलं, म्हणजे शरियतप्रमाणे भावांकडे वाटा न जाता सगळं मुलींनाच मिळेल. मोठा विरोध झाला, ते मागे हटले नाहीत. तुझ्या अब्बांना एवढं करायचं नसेल तर हयातीत हिबा (बक्षीस) करून तुला बरोबरीनं देता येतं, शरियतमध्ये बसतं, फक्त ताबा खरोखर द्यावा लागतो. मामूंशी आधी ह्यावर बोल.