'कॅप्टिव्ह बलून'ला मराठीत काय म्हणावे?

अक्षरवेल: अमेरिकेच्या यादवी युद्धावरील एका लेखाचे भाषांतर करीत आहे. उत्तरेच्या सैन्यासाठी काम करणाऱ्या थॅडियस लो यांच्या पथकाचे टेहळणीचे फुगे दोरांनी जमिनीशी बांधलेले असत. दोर सैल सोडला की फुगा वर जाई आणि ओढला की खाली येई. अशा फुग्याला मूळ लेखात 'कॅप्टिव्ह' म्हटले आहे. मी 'बंदी फुगा' असे लिहिले, तर मजकूर वाचणाऱ्या स्नेह्यांनी 'शत्रूकडून हस्तगत केलेला फुगा' असा अर्थ घेतला. पंचाईत अशी, की तसाही एक फुगा लेखात आहे: ४ जुलै १८६२ रोजी जेम्स नदीत उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची 'टीझर' ही बोट पकडली, तेव्हा तिच्यावर रेशमी फुगा सापडला. दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द हवे आहेत.

रानवाटा: 'दाव्याचा फुगा' म्हणावे. दावे तुटले की जनावर उधळते, तसेच ११ एप्रिल १८६२ रोजी यॉर्कटाउनजवळ झाले. जनरल फिट्झ-जॉन पोर्टर एकटेच वर गेले असता दोर तुटला, फुगा थेट दक्षिणेच्या मोर्च्यांवर गेला आणि वारा फिरला म्हणूनच ते परत स्वपक्षाच्या हद्दीत उतरू शकले.

कोशकीटक: 'दाव्याचा' वाचून शहरी वाचक कोर्टाची पायरी चढेल. 'बद्ध फुगा' हा शब्द नेमका आहे आणि त्याला 'मुक्त फुगा' अशी जोडीही मिळते. १८७०-७१ च्या प्रशियन वेढ्यात पॅरिसमधून टपाल घेऊन सुटलेले फुगे मुक्त होते. ७ ऑक्टोबर १८७० रोजी फ्रान्सचे मंत्री गँबेटा अशाच फुग्यातून निसटले.

रानवाटा: 'बद्ध' म्हटले की शहरी वाचकाला प्रथम बद्धकोष्ठच आठवते. संस्कृत शब्द आणला की नेमकेपणा आपोआप येतो, ही समजूत आपण केव्हा सोडणार?

तळटीप: माझा आक्षेप मुळात 'फुगा' या शब्दालाच आहे. तो जत्रेतला शब्द असून 'फुंकणे'वरून आला असावा. लो यांच्या गाड्यांमध्ये लोखंडाच्या किसावर गंधकाम्लाची क्रिया घडवून हायड्रोजन तयार करीत, म्हणजे तिथे फुंकण्याचा संबंधच येत नाही. 'बलून' रूढ आहे, तोच ठेवावा.

अक्षरवेल: पुरी फुगते, पावसाळ्यात दारे फुगतात, त्यांना कोण फुंकते? फुग्याच्या बाह्यांना तर आपण अजूनही फुग्याच्याच बाह्या म्हणतो. योगायोग असा, की दक्षिणेचा तो फुगा स्त्रियांनी दिलेल्या रेशमी पोशाखांचा होता, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात पोशाखांसाठीचे नवे कापड विकत घेऊन तो शिवला होता.

कोशकीटक: 'टेहळणी'बद्दल कोणीच बोलत नाही. टेहळणी म्हणजे लांबवर नजर ठेवणे, जसे गडाच्या बुरुजावरून ठेवीत. २४ सप्टेंबर १८६१ रोजी लो यांनी फुग्यातून फॉल्स चर्च या गावावरील तोफांचा मारा दुरुस्त करून दिला, तेव्हा खालच्या गोलंदाजांना लक्ष्य दिसतही नव्हते. या कामाला टेहळणी म्हणता येणार नाही, 'निरीक्षण' म्हणावे.

रानवाटा: निरीक्षण प्रयोगशाळेत करतात. गोळा पुढे पडला की मागे, डावीकडे की उजवीकडे, हे वरून पाहून सांगणाऱ्यासाठी तोफखान्यातल्या मराठी जवानांच्या तोंडी काही शब्द असेलच. तो कोणी सांगेपर्यंत मी 'टेहळणी' सोडणार नाही.

तळटीप: त्यांच्या तोंडीही इंग्रजीच शब्द निघेल. लावता पैज?