चहात कुठला स्वाद कधी घालायचा?

पेलाभर:
रोज दोन-तीनदा चहा होतो आणि दर वेळी तोच स्वाद नको, म्हणून आलं, वेलची, गवती चहा, पुदिना, संत्र्याची साल असं आलटून पालटून घालायचं आहे. दुधाचा आणि कोरा, दोन्ही. पण हिशेब नीट बसत नाही.

आल्याच्या चहात दूध कधी फाटतं, कधी नाही. आलं तेच, दूध तेच. वेलची पहिल्यापासून उकळली तर वास घरभर आणि कपात काहीच नाही. संत्र्याची साल वाळवून चहापत्तीत मिसळली तर आठ-दहा दिवसांत डब्याला कुबट वास. हिरवा चहा कडू होतो, लिंबू पिळलं तरी कडवटपणा जात नाही. आणि कोरा चहा फ्रीजमध्ये ठेवला की रात्री स्वच्छ तांबूस असलेला सकाळी गढूळ, मातकट.

'चवीनुसार' नको. कपामागे किती, किती मिनिटं, आणि बिघडलं तर का बिघडलं, हे कुणी सांगेल का?

आधण:
बऱ्याच अडचणींचं मूळ एकच आहे: सगळे जिन्नस एकाच वेळी पातेल्यात पडतात. साल, मूळ, बी आणि पान यांना स्वाद सोडायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो. दालचिनी दहा मिनिटं उकळली तरी चालते, पुदिना एका मिनिटात काळवंडतो. म्हणून आधी क्रम ठरवा, प्रमाण मग.

दुधाच्या चहाचं सांगतो. दोन कपांसाठी (कप १५० मिलीचा) पाणी २२० मिली, दूध १२० मिली, दाणेदार चहापत्ती सपाट दोन चमचे म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. बेरीज ३०० च्या वर ठेवली आहे, कारण थोडं पाणी वाफेवर जातं आणि थोडं चोथ्यात अडकतं.

आता आलं. त्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते दुधातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करतं. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला ते सर्वांत जोरात काम करतं, खळखळ उकळीत निकामी होतं. वरच्या प्रमाणात २२० मिली उकळत्या पाण्यात फ्रीजमधलं १२० मिली दूध ओतलं की पातेलं एकदम ६५ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे नेमकं त्याच्या सोयीच्या जागी. आलं आधीच उकळलेलं असेल तर काही होत नाही. दुधाबरोबर किंवा दुधानंतर किसून टाकलं तर फाटू शकतं. 'कधी फाटतं, कधी नाही' याचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

तर ५ ते ६ ग्रॅम आलं ठेचून गार पाण्यातच घाला. उकळी फुटल्यावर पूर्ण ३ मिनिटं उकळू द्या, मग साखर आणि चहापत्ती, आणखी २ मिनिटं, आणि शेवटी वेगळं तापवलेलं दूध. किसलेल्या आल्याचा रस जास्त सुटतो, त्यामुळे ते ठेचलेल्यापेक्षा कमी लागतं आणि त्याला उकळीही नीट मिळायला हवी. एवढं करूनही फाटलं तर दोष दुधाचा. दूध आंबायला लागलं की वासावरून कळत नाही, पण उष्णता मिळताच फुटतं. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं उकळून बघा.

सुंठेचा हा त्रास सहसा होत नाही. मात्र आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. दोन कपांना पाव चमचा पूड पुरे.

दालचिनीचा २ ते ३ सेंटिमीटरचा तुकडा गार पाण्यात घालून मंद आचेवर ८ मिनिटं. लवंग दोन कपांना एकच. दुसरी पडली की तिच्यातल्या युजेनॉलने जीभ बधिर होते आणि चहाची चव लागतच नाही. बडीशेप अर्धा चमचा, जरा चेचून, आल्याबरोबरच.

वेलचीचं उलट. तिचं तेल वाफेबरोबर उडून जातं, म्हणून तर घरभर वास येतो. जो वास नाकाला आला, तो कपातून गेला. दोन वेलच्या सालीसकट खलबत्त्यात फोडा, गॅस बंद करायच्या अर्धा मिनिट आधी टाका, झाकण ठेवा आणि दोन मिनिटांनी गाळा. फोडताना दाण्यांकडे बघा: काळपट, किंचित चिकट आणि एकमेकांना धरून असलेले हवेत. फिकट, सुटे आणि खडखडीत कोरडे असतील तर चार टाकूनही वास यायचा नाही. पूड करून ठेवू नका, रोज लागेल तेवढीच फोडा.

गवती चहाची वीतभर लांबीची दोन पाती दोन कपांना. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, हाताने चुरगळा, चहापत्तीबरोबर टाकून झाकणाखाली २ मिनिटं. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा. जास्त उकळलं की तो उडतो आणि ओल्या गवताचा वास मागे राहतो.

दुसरीवाफ:
आधण यांच्या क्रमाला जोडून कोऱ्या चहाचं लिहिते.

हिरवा चहा कडू होतो तो बहुतेक वेळा उकळत्या पाण्यामुळे. तुरट कॅटेचिन आणि कडू कॅफीन गरम पाण्यात भराभर उतरतात, तर गोडसर चव देणारं थियानिन कोमट पाण्यातही बऱ्यापैकी येतं. म्हणून ७५ ते ८० अंश, २०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, २ मिनिटं, आणि लगेच गाळायचं. थर्मामीटर नसेल तर तीन भाग उकळतं पाणी आणि एक भाग साधं पाणी एकत्र केलं की ८० च्या आसपास येतं. काळ्या चहाला मात्र उकळतंच पाणी हवं, ३ ते ५ मिनिटं. ऊलाँगला, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधल्या चहाला, ९० च्या आसपास.

चहा कमी कडक वाटला तर वेळ वाढवू नका, पत्ती वाढवा. वेळ वाढवला की तुरटपणाच वाढतो. चहाच्या चवी ताडून बघण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. त्यात १०० मिलीला २ ग्रॅम आणि ६ मिनिटं असं धरलं आहे, पण ते दोष उघडे पडावेत म्हणून. घरी पिण्यासाठी तो कडकपणा नको.

लिंबू गाळल्यानंतर पिळायचं, २०० मिलीला अर्धा चमचा रस. आंबटपणा आधीचा कडवटपणा खोडून काढत नाही, त्यावर चढतो, म्हणून तुमचा उपाय लागू पडला नाही. चकती टाकत असाल तर मिनिटभरात काढा. सालीखालचा पांढरा थर स्वतःच कडू असतो. काळ्या चहात लिंबू पडताच रंग उतरतो, त्याची काळजी नको. चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी दिसतात, कडकपणा तेवढाच राहतो.

पुदिना: कपाला ८ ते १० पानं, उकळायची नाहीत. दोन्ही तळव्यांत एकदा थोपटून कपात टाकायची, वर गरम चहा ओतायचा, बशी झाकून ३ मिनिटं.

आणि हे खास आवडीचं म्हणून. चमेलीचा चहा म्हणून जो विकतात त्यातलं फूल म्हणजे आपला मोगरा, जॅस्मिनम सॅम्बॅक. चीनमध्ये फुजियान प्रांतात फुचौच्या आसपास तो पूर्वापार होतो. कळ्या दिवसा तोडतात, त्या संध्याकाळनंतर उमलतात, आणि रात्रभर शेजारची सुकी पत्ती तो वास शोषून घेते. सकाळी फुलं काढून पत्ती पुन्हा सुकवतात, आणि चांगल्या प्रतीसाठी हेच अनेक रात्री करतात. घरी ५० ग्रॅम हिरव्या पत्तीला २५ ग्रॅम टपोऱ्या कळ्या घ्या. संध्याकाळी स्टीलच्या डब्यात पत्ती-कळ्या-पत्ती असे थर लावा आणि झाकण जरा सैल ठेवा. सकाळी प्रत्येक फूल वेचून काढा. पत्ती आता हाताला मऊ लागेल, कारण तिने वासाबरोबर फुलांचं पाणीही ओढलेलं असतं. ताटात पसरून ओव्हनमध्ये ६० अंशांवर अर्धा-पाऊण तास, चुरगळल्यावर कुरकुरीत आवाज येईपर्यंत. हे चुकलं तर आठवड्यात बुरशी. फुलं बिनफवारणीचीच हवीत, आणि नुसत्या वासावर भुलून कुठलंही फूल घालू नका. कण्हेर तर विषारी आहे.

सुकापाला:
संत्र्याच्या सालीबद्दल. कुबट वास म्हणजे साल पूर्ण वाळली नव्हती. वरून कडक लागते, पण आतल्या पांढऱ्या थरात पाणी धरलेलं असतं. डब्यात गेल्यावर ते पत्तीत उतरतं आणि पत्ती ते आनंदाने शोषते.

फळ कोमट पाण्यात चोळून धुवा, वरचं मेण बरंचसं निघेल. सोलण्याने फक्त रंगीत पापुद्रा काढा. ५० ते ६० अंशांवर ३ ते ४ तास. वाकवल्यावर 'कट्' करून मोडली पाहिजे. चामड्यासारखी वाकली तर अजून तासभर. मग लगेच पत्तीत मिसळू नका. कोरड्या काचेच्या बरणीत दोन दिवस बंद ठेवा. काचेला आतून धुकं धरलं तर ओलावा आहे, परत वाळवा. प्रमाण ५० ग्रॅम पत्तीला ४ ते ५ ग्रॅम साल, आणि आठवडाभर मुरू द्या.

अर्ल ग्रे या सुगंधी काळ्या चहासारखा वास यातून येणार नाही. तो बर्गमॉट नावाच्या वेगळ्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलाचा असतो, आणि ते फळ मुख्यतः इटलीतल्या कलाब्रियात पिकतं. तो वास हवा म्हणून सुगंधोपचाराच्या बाटल्यांमधले थेंब चहात टाकू नका. ती तेलं फार तीव्र असतात आणि खाण्यासाठी बनवलेली नसतात.

माझं मत विचाराल तर मिसळलेले डबे करूच नका. साधी पत्ती एका डब्यात, वाळलेले स्वाद छोट्या बरण्यांत, आणि मेळ कपात. एक बिघडला तर बाकीचे वाचतात. पत्तीचा डबा अपारदर्शक आणि घट्ट झाकणाचा असावा, मसाल्यांच्या कप्प्यात ठेवू नये. फ्रीजमध्येही नको, कारण गार डबा उघडताच आत दव धरतं.

दुसरीवाफ:
गार चहाचं राहिलं. तो गढूळ होतो म्हणजे नासतो असं नाही. थंडीत कॅफीन आणि थियाफ्लेविन हे काळ्या चहातलं रंगद्रव्य एकमेकांना धरून बारीक कण तयार होतात. थोडं गरम पाणी ओतून बघा, परत स्वच्छ होईल. चहा जितका कडक आणि पाणी जितकं जड (क्षारांचं), तितका गढूळपणा जास्त. टाळायचा असेल तर पत्ती गार पाण्यातच भिजवा: लिटरला ८ ते १० ग्रॅम अख्खी पत्ती, फ्रीजमध्ये ६ ते ८ तास, मग गाळा. तुरटपणाही कमी उतरतो. आल्याच्या चकत्या किंवा संत्र्याची साल त्यातच टाकता येते. दोन दिवसांत संपवा. बाटली उन्हात ठेवून चहा करायची पद्धत मात्र नको. कोमट पाण्यात तासन्‌तास जंतू वाढायला वाव मिळतो.

पेलाभर:
आल्याचा उलगडा झाला, दूध गार आणि आलं शेवटी, असंच होत होतं. आणखी दोन प्रश्न. रात्री कॅफीन नको असेल तर काय? अंबाडीची लाल बोंडं उकळून दूध घातलं तर लगेच फाटलं. आणि चहावर कधीकधी तेलकट, चकाकणारी साय धरते, ती कशाची?

आधण:
अंबाडीच्या अर्कात दूध घालायचंच नाही. तो इतका आंबट असतो की केसीन जागेवर गोळा होतं, ४.६ पीएचला (पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ते पाण्यात टिकत नाही आणि अंबाडी त्याच्याही खाली असते. कोरीच घ्या: २०० मिली उकळत्या पाण्यात २ ग्रॅम सुकी बोंडं, ५ मिनिटं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, ॲल्युमिनियमचं नको.

गोकर्णाची सुकी फुलंही चालतात, कपाला ४-५. पाणी निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. स्वाद जवळजवळ नाहीच, म्हणून गवती चहाबरोबर घ्या. या दोन्हींत, गवती चहात, पुदिन्यात, आल्यात कॅफीन नसतं. हिरव्या चहात असतं, त्यामुळे रात्रीसाठी तो पर्याय नाही. ज्येष्ठमध घालत असाल तर जपून: त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढू शकतो, रक्तदाब असलेल्यांनी रोज घेऊ नये. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा.

सुकापाला:
साय जड पाण्याची. पाण्यातलं कॅल्शियम, चहातली पॉलिफेनॉल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो पापुद्रा धरतो, तेल नसतं. गाळलेलं मऊ पाणी वापरलं की जातो. लगेच बघायचं असेल तर कोऱ्या चहाच्या एका कपात लिंबाचे चार थेंब टाका, दुसरा तसाच ठेवा आणि दहा मिनिटांनी दोन्ही उजेडात तिरके धरून बघा.