पाढे पाठ आहेत, पण गुणाकार कळलाय का?

लेक तिसरीत. सातचा पाढा एका दमात म्हणते, मधेच थांबवून सात आठे विचारलं की परत सात एके सातपासून गाडी सुरू. परवा म्हटलं, छप्पन्न झाले ना, मग सात नव्वे काढायला त्यात किती मिळवायचे? तर माझ्याकडे बघतच बसली. मग कळलं की दुणे, त्रिक, चोक हे तिला नुसते आवाज वाटत होते, चोक म्हणजे चार वेळा हे कुणी सांगितलंच नव्हतं (मीही नाही). तुम्ही घरी काय केलंत? फसलेले प्रयोगही सांगा.

सेम आमच्याकडे. मी बटणं घेऊन बसले, सात-सातच्या तीन ओळी लावल्या, कागदावरच. तो एकेक मोजत होता, मोजू दिलं. मग कागद फिरवला, आता तीन-तीनच्या सात ओळी. तो परत मोजायला लागला, पाच-सहापर्यंत गेला आणि बोट तिथेच थांबलं. "आई, तू बटणं टाकली नाहीस ना? मग एकवीसच." मी काहीच बोलले नाही, त्यानेच कागद आणखी दोनदा फिरवून बघितला.

वरच्यात भर. १ ते १० च्या तक्त्यात १०० घरं, उलटसुलट एकच धरलं की ५५ उरतात. १, २, ५ आणि १० चे तर मुलांना येतातच, ते काढले की राहतात फक्त २१. आम्ही ती २१ घरं रंगवून भिंतीवर लावली, मुलाचं टेन्शनच गेलं.

नऊचा पाढा आम्ही शिकवलाच नाही. दहा सत्ते सत्तर, त्यातून एक सात काढ, त्रेसष्ट. सात आठेला सात पंचे पस्तीस अधिक सात त्रिक एकवीस. सुरुवातीला वेळ लागतो, पण अडली तरी रडत नाही, कुठूनतरी वाट काढते.

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी शिकवतो आणि समजून घ्या, समजून घ्या करत पाठांतर सोडलेली मुलं बघतो, भागाकाराला बसली की प्रत्येक पायरीला सात आठे नव्याने बांधत बसतात आणि तोवर मूळ गणित काय होतं ते विसरतात. समजलं पाहिजे, शंभर टक्के, पण समजल्यावर पाठही झालं पाहिजे. नुसतं पाठ असलेलं मूल मात्र ५ गुणिले ० ला बिनधास्त ५ लिहितं, हेही रोज बघतो. त्याला पाच रिकाम्या वाट्या द्या, पुढचं तो स्वतः सांगेल.

सर, पटलं. आमची अडचण दोन आकडी गुणाकाराची होती, दुसऱ्या ओळीत शून्य का मांडायचं ते मलाच सांगता येईना, आम्हाला "फुली मार" एवढंच शिकवलेलं. शेवटी चौकटी कागदावर २३ लांब १४ रुंद आयत काढला, २० नि ३, १० नि ४ असे तुकडे पाडले. २००, ३०, ८०, १२. बेरीज ३२२. लेकीने वरचे दोन तुकडे मिळवले, २३०, आणि ओरडली की बाबा हीच ती फुलीवाली ओळ! चाळिशीत मला कळलं.

फसलेला प्रयोग माझा घ्या. ठोकळे, बटणं, चौकटी कागद, संख्यारेषा, सगळं एकाच रविवारी. दोन तास. शेवटी चिरंजीव अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाबा, मी पाठच करू का सरळ?"