पहिलीतली धाकटी अन् सातवीतला मोठा, दोघांना एकच पुस्तक

पहिलीतलं आणि सातवीतलं मूल एका पुस्तकाला एकत्र बसत नाही, असं काहीजण म्हणतात. जाड कादंबऱ्यांपुरतं ते खरं आहे, पण 'तोत्तोचान' या जपानी लेखिकेच्या शाळेतल्या आठवणींच्या पुस्तकाला ते लागू नाही. प्रकरणं छोटी, जेवणं झाल्यावर एक आरामात वाचून होतं. धाकटी आगगाडीच्या डब्यात भरणाऱ्या शाळेवरच खूश असते. मोठ्याला मुख्याध्यापक कोबायाशी मुलांचं किती मन लावून ऐकून घेतात ते कळतं, आणि घरात खऱ्या गप्पा तिथनं सुरू होतात. मुलांच्या जेवणाच्या डब्यात 'काही समुद्रातलं, काही डोंगरावरचं' हवं, हा भाग आला की पुस्तक मिटून ताटाकडं वळा. भाकरी, तांबडा रस्सा डोंगरावरचा; मग समुद्रातलं काय? मिठापर्यंत पोरं आपोआप पोचतात, उत्तर आधी सांगू नका.

एक मात्र सांभाळा. शेवटाकडं यासुआकीचान हा पोलिओ झालेला मित्र वारतो आणि बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. ती प्रकरणं झोपायच्या वेळी नकोत. सुट्टीच्या दिवशी सकाळी, मोठ्यांनी आधी स्वतः वाचून मगच घ्यावीत. गाळू मात्र नयेत. विकत घेण्याआधी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिर या वाचनालयात मिळतंय का बघा.