लेकीच्या लग्नासाठी बाबांची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडावी का?

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, पेन्शन नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दीड वर्षापूर्वी ८.२ टक्क्यांनी ३० लाख ठेवलेत, सगळे एकाच खात्यात. शिवाय बँकेत ९ लाखांची मुदत ठेव. धाकट्या बहिणीच्या लग्नाला आमच्या बाजूने १४ लाख लागतील. बाबा म्हणतात, योजना मोडू. मोडावी का?

(खाली तिघांची उत्तरं, टोपणनावांनी.)

हिशेबवही: मोडू नका. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन झाली नाहीत, म्हणून मुद्दलाच्या दीड टक्का, म्हणजे ४५,००० रुपये कापले जातील. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर एक टक्का, ३०,०००. पण खरं नुकसान पुढे आहे. आज तिमाहीला ६१,५०० व्याज येतं, महिन्याला २०,५००. आत्ता मोडून १४ लाख काढले की उरतात १५ लाख ५५ हजार. ते याच दराने परत ठेवले तरी महिन्याला जेमतेम १०,६००, आणि नवीन खात्याला दर त्या तिमाहीचा मिळतो. किराणा, औषधं, आरोग्य विम्याचा हप्ता यातच बसवायचं. पुढच्या वेळी रक्कम ५-५ लाखांच्या वेगळ्या खात्यांत ठेवा. गरज पडली तर एकच मोडेल.

वरपक्ष: आधी १४ लाखांचा आकडा खाली आणा. ६०० ताटं, ५०० रुपये ताट, झाले ३ लाख. ३५० ताटांत तेच १ लाख ७५ हजार. केटरर कमीत कमी ताटांची हमी लिहून घेतो, माणसं कमी आली तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात. म्हणून हमीचा आकडा पत्रिका मोजून देऊ नका. प्रत्येक घरातून नक्की कोण कोण येणार ते नावानिशी लिहा. कार्यालयाच्या पावतीवर वीज, जनरेटर, साफसफाई भाड्यात धरलीय की वेगळी, हे आगाऊ रक्कम देण्याआधी वाचा. फसगत बहुतेक इथेच होते. आणि रोख देताना जपा: एकाच कार्यासाठी एकाच माणसाने २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

ठेवपावती: मुदत ठेवीतले ४ लाख दिले तर चालतील, ५ लाख आजारपणासाठी हलवू नका. बाकीचा खर्च बहीण कमावती असेल तर तिने उचलावा, हे बाबांना तिनेच सांगितलं तर त्यांना कमी लागेल. दोन-तीन महिन्यांपुरतीच ओढाताण असेल तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. मात्र कर्ज बाबांच्या नावावर राहतं. बहिणीने फेडलं नाही, तर बँक ठेवीतून वळतं करून घेते.

आहेराचंही आत्ताच ठरवा. नवरा-नवरीला स्वतःच्या लग्नात मिळालेला आहेर करमुक्त असतो, आई-वडिलांना तो नियम लागू नाही. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून बाबांना वर्षभरात ५०,००० च्या वर मिळाले, तर ती सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणून चेक लेकीच्याच नावाने घ्या.