लेकरू कोणापाशी ठेवता? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमच्या पाळणाघरवाल्या काकूंना डेंग्यू झाला आणि एका सकाळी सात घरांची तारांबळ उडाली. पहिल्या दिवशी नवऱ्याने सुट्टी टाकली, दुसऱ्या दिवशी मी टाकली, तिसऱ्या दिवशी आम्ही भांडलो. चौथ्या दिवशी काकूंच्या मुलीचा फोन आला, "संस्थेतून बदली ताई येऊन राहिल्या आहेत, आणा त्याला." अडीच वर्षं पोरगा तिथे जातो, आणि काकूंच्या मागे पाळणाघरवाल्यांना शिकवणारी, अडीअडचणीला धावून येणारी अशी एखादी संस्था आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं!

म्हणून हा धागा. पाळणाघर चालवत असाल, लेकरू ठेवत असाल, अशा एखाद्या संस्थेत काम करत असाल, तर लिहा. वाईट अनुभवही चालेल. फक्त संस्थेचं, पाळणाघराचं, लेकराचं नाव नको. नाहीतर जाहिरात तरी होते, नाहीतर भांडण.

पाळणाघरवाली, नंदनवन

मला टायपिंग जमत नाही, पोरगी लिहून राहिली आहे.

बारा वर्षं झाले. शेजारणीच्या पोरीपासून सुरुवात झाली. ती बँकेत, मी घरी. "काकू, दोन तास बघाल का?" त्या दोन तासांचे आठ तास कधी झाले कळलंच नाही. पैसे मागायची लाज वाटे. कोणी म्हणे पगार झाला नाही, कोणी दिवाळीच्या सुट्ट्या कापून घेई, वरून "तुम्ही तर घरच्याच" हे आहेच. संस्थेच्या ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा वाटलं, चार खेळणी देतील, फोटो काढतील आणि जातील. त्यांनी आधी हिशोबाची वही मागितली. वही होतीच कुठे? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लेकरांचे खाडे मांडलेले.

मग ताईंनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. फी महिन्याच्या सुरुवातीला. सहानंतर उशीर झाला तर तासाचे वेगळे. ताप असेल तर लेकरू घरी. औषध द्यायचं तर चिठ्ठी पाहिजे. न्यायला कोण कोण येईल त्यांची नावं. खाली दोघांची सही. दोन घरांनी रागाने लेकरं काढली. त्यातलं एक महिन्याभरात परत आलं, न बोलता सही करून गेलं.

ते प्रशिक्षण मात्र मी विसरणार नाही. घशात काही अडकलं तर काय करायचं, हे बाहुलीवर शिकवलं. वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा. तरी नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, तेव्हा दोन बोटांनी शिकवले होते. बाहुलीचं डोकंच निघून हातात येत होतं, आम्ही सगळ्या हसून राहिलो होतो. त्याच वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठी पोट्टी आपापले लाकडी नंदी घेऊन आली, खिशात बोजाऱ्याचे, म्हणजे नंदी घेऊन घरोघरी फिरताना मिळालेले, फुटाणे. कोणीतरी दहा महिन्यांच्या बाळाला एक भरवला. रडणं नाही, खोकला नाही, नुसतं उघडं तोंड आणि ओठ निळे पडत चाललेले. चौथ्या थापेला फुटाणा टप्पकन फरशीवर पडला. आधी ते रडलं, मग मी. नंतर डॉक्टरला दाखवून आणलं, आईला फोन केला, काहीच लपवलं नाही. तेव्हापासून फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं घराच्या बाहेर.

मिहानमध्ये नोकरी, मनीष नगर

काकू, अंगावर काटा आला.

माझं सांगते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली, ती मी पूर्ण घेतली. पाळणाघराची सोय मात्र पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणीच बंधनकारक. आमच्या ऑफिसात आम्ही चौतीस. एचआरने गोड हसून हेच सांगितलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, आई अकोल्याला.

एका मैत्रिणीने संस्थेचा नंबर दिला. त्यांनी "हे पाळणाघर चांगलं" असं काही सांगितलं नाही. जाऊन काय बघायचं ते सांगितलं. न कळवता दुपारी तीनला जा. पाण्याची बादली उघडी आहे का? झोपलेल्या लेकरांजवळ कोणी बसलं आहे का, की बाई आत टीव्हीपुढे? मी पाच ठिकाणी गेले. एका ठिकाणी दार उघडायला इतका वेळ लागला की मी तिथूनच परत फिरले.

शेवटी जिथे ठेवलं तिथल्या मावशींना काढून ठेवलेलं आईचं दूध कसं द्यायचं ते ठाऊक नव्हतं. त्या ते गॅसवर उकळायच्या! मी सांगितलं तर राग आला असता. संस्थेच्या ताईंनी सगळ्या मावशींनाच एकत्र बोलावून दाखवलं: बाटलीवर तारीख-वेळ, फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, देताना कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची, उरलेलं टाकून द्यायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर ते ओट्यावर ठेवायचा विचारच नको.

संस्थेत काम करायचो, चार वर्षांपूर्वी

मी बांधकामांवरच्या पाळणाघरांचं बघायचो. शहरातल्या मोठ्या कामांवर छत्तीसगड आणि बालाघाटकडची कुटुंबं असतात. तेव्हाचा बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा म्हणे, पन्नासहून जास्त बाया असतील तर पाळणाघर द्या. आता गंमत बघा, मी गेलो त्या एका साइटवर रजिस्टरमध्ये कायम अठ्ठेचाळीस बाया. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः मोजल्या तर सत्तरच्या पुढे. भांडून उपयोग नव्हता. मॅनेजरला एवढंच म्हटलं, लेकरू वाळूच्या ढिगावर असलं की आईचं अर्धं लक्ष तिकडे असते. दोन टिनाच्या खोल्या मिळाल्या.

नवतपात त्या टिनाखाली काय होते ते नागपूरकरांना सांगायला नको. वाळ्याच्या ताट्या लावल्या, कूलर मागून आणला, कैरीचं पन्हं ठेवलं. सांभाळणाऱ्या दोघी त्याच मजुरांमधल्या, त्यामुळे लेकरांना भाषेची अडचण नव्हती. अडचण आम्हाला होती.

एक पोरगी होती, दीड वर्षाची. दंडाला पट्टी गुंडाळली तर काटा लाल रंगात, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. आई म्हणे, "हमर घर सब दुबर हे." जवळच्या अंगणवाडीताईंनी बाहेरगावची म्हणून नाक मुरडलं नाही, पोरीचं नाव घातलं, दवाखान्यात पाठवलं. काम संपून ते कुटुंब गेलं तेव्हा पट्टी पिवळ्यात होती. हिरवा बघायला मिळाला नाही, ते अजून डोक्यात आहे.

अंगणवाडी मदतनीस, उत्तर नागपूर

संस्थांचं कौतुक चालू आहे, चालू द्या. आमच्याकडे एक आली होती. भिंतीवर हत्ती-मोर काढले, आम्हाला टोप्या घातल्या, फोटो काढले. "पुन्हा येतो" म्हणाले. मोराचा रंग उडाला, ते काही आले नाहीत.

खरी अडचण वेळेची आहे. अंगणवाडी १९७५पासून आहे, पण आमची शाळा दुपारीच सुटते. धुण्याभांड्याच्या बाया चार-पाच घरं करून संध्याकाळी येतात. मधल्या वेळात तीन वर्षांचं पोरगं सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. आमच्या वस्तीला मिळाली तर पाहिजेच, पण आमच्या मानधनात आणखी चार तास जोडू नका, बाप्पा. वेगळी बाई द्या.

आजोबा, त्रिमूर्ती नगर

मुलगी-जावई पुण्याला, नात आमच्याकडे. संस्थेची शनिवारची बैठक असते, तिथे बावीस बाया आणि मी. पहिल्या दिवशी मला पाहुणे समजून खुर्ची दिली, सगळ्या सतरंजीवर. आता मीही सतरंजीवर बसतो, उठताना दोघी हात देतात. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी करायला तिथे शिकलो: लिटरभर पाणी, चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आमची ही इतकी वर्षं अंदाजाने करत होती. घरी बोललो नाही.

धागाकर्ती

मदतनीस ताई, तुमचं वाचून उत्तर सुचलं नाही. खरं आहे.

नंदनवनच्या काकूंना एक विचारायचं होतं. आमच्या काकू बऱ्या झाल्यात, पण अशक्त आहेत. बदली ताई आल्या त्या दिवसांचे पैसे कोणाला द्यायचे? विचारलं तर काकू म्हणतात, "राहू द्या."

पाळणाघरवाली, नंदनवन

बदलीवालीला आमच्याकडे तरी संस्थाच देते. आम्ही पाळणाघरवाल्या त्यासाठी दर महिन्याला थोडे थोडे जमा करतो, भिशीसारखे. तुमच्या काकूंना पूर्ण महिन्याची फी द्या. "राहू द्या" म्हणतील. पाकीट फ्रीजवर ठेवून निघून या. आणि सोबत नारळपाणी न्या, डेंग्यूनंतर तोंडाला चव नसते.