प्रति: टेबलाखाली शिरावं की बाहेर पळावं?

भूकंपात टेबलाखाली शिरावं की बाहेर पळावं, या प्रश्नावर आधीच्या उत्तरात म्हटलंय की टेबलाखालीच थांबावं. आरसीसी इमारतीत ते अगदी बरोबर. पण उत्तराखंडातल्या गढवालच्या जुन्या दगडमातीच्या घरात गणित बदलतं. तिथल्या भिंती दीड-दोन फूट जाड दिसतात, पण आत दोन वेगळे थर असतात आणि मध्ये दगडमातीची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार लांब दगड नसतील तर हादऱ्याने भिंत फुगते, फाटते आणि वरचं पाटीच्या दगडांचं जड छप्पर खाली येतं. उत्तरकाशीत 1991 साली आणि आपल्या किल्लारीत 1993 साली अशा भिंतींखालीच झोपेत माणसं गेली. म्हणून अशा घरात तळमजल्यावर दाराशी झोपा, दारात सामान नको. दार दोन-तीन पावलांवर असेल तरच बाहेर पडा आणि भिंतीपासून तिच्या उंचीहून जास्त लांब जा. देवदाराच्या तुळया घातलेली काठ-कुणी घरं पुष्कळ बरी.

एक महत्त्वाचं राहिलं. हादऱ्यानंतर नदीचं पाणी एकदम आटलं तर वर दरडीने पात्र अडलं असं समजा. 1975च्या हिमाचलमधल्या किन्नौर भूकंपात पारेछू नदी अशीच अडली होती. अडलेलं पाणी फुटलं की खाली एकदम लोंढा येतो. लगेच काठ सोडून उंचावर जा, मात्र सुट्या दगडांच्या उताराखाली थांबू नका.